टोप्या घातलेली दोन घरं

होक्काइदो, २ डिसेंबर

बाबा,

पत्राची सुरुवात हवेपासून करायची असते, शाळेत एवढं एकच नीट शिकलो. पण तुम्हाला मी हवा काय सांगणार? तुमच्या दारात आहे तेच माझ्या दारात. फक्त इथला बर्फ कोरडा, तांदळाच्या पिठीसारखा. मुठीत दाबला तरी लाडू वळत नाही, फुंकर मारली की उडून जातो. आपला कामिसावाचा बर्फ म्हणजे भिजलेली गोधडी. आमच्याकडे छपरावर चढून बर्फ उतरवला नाही तर घर खाली बसतं, असं इथल्या पोरांना सांगितलं तर हसतात.

किनु काकू, शेजारून येऊन हे तुम्हीच वाचून दाखवताय ते मला माहीत आहे. बाबांच्या डोळ्यांवर पडदा आलाय आणि ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. तेव्हा काकू, मोठ्याने वाचा, मध्ये पदरचं काही घालू नका, आणि ते उठून गेले तर मागे मागे जाऊन वाचा.

बाबा, मी काम बदललं. हो, पुन्हा. मासळीच्या कारखान्यात वास नाकातून जाईना, सिमेंटच्या गाडीवरचा मुकादम तोंडाळ होता. पायाला भिंगरी आहे म्हणाल, म्हणा. आता कुरोसे सरांकडे आहे. हे सर बर्फाचे फोटो काढतात. नुसत्या बर्फाचे. त्यात माणूस नाही, जनावर नाही, एखादं झाड असलं तर असलं. तोक्योहून, तैवानहून लोक त्यांच्याकडे शिकायला येतात. मी गाडी चालवतो, कॅमेऱ्याच्या तिकाट्या वाहतो, बॅटऱ्या शर्टाच्या आत पोटाशी धरून बसतो, कारण थंडीत त्या मरतात. कोंबडी अंड्यांवर बसते तसा. हसलात तर हसा.

पण एक गोष्ट शिकलो ती सांगतो. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. एवढा पांढरा उजेड असूच शकत नाही असं त्याला वाटतं, म्हणून तो सगळा बर्फ राखेसारखा करून टाकतो. त्याच्यावर विश्वास न ठेवता आपण उजेड वाढवून द्यावा लागतो. मग बर्फ बर्फासारखा येतो. हे मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केलं तेव्हा कोणाला तरी सांगावंसं वाटलं. दुसरं कोण आठवणार?

यंदा तुम्ही छपरावर चढता तेव्हा खाली लक्ष ठेवायला कोण उभं असतं ते मला कळलं. काकू, ही पुढची ओळ गाळा. बाबा, सत्तरी उलटलेल्या बाईला छपराखाली उभं करताना काही वाटत नाही का तुम्हाला? ती जागा कोणाची होती ते मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, नववर्षाला येतो. तुमचं आणि काकूंचं, दोन्ही छपरं एकटा उतरवतो.

तुमचा,
गाकु

होक्काइदो, २८ डिसेंबर

बाबा,

सुट्टी मिळाली नाही. नववर्षाला सरांकडे मोठा गट येतोय, गाडी चालवायला दुसरं कोणी नाही. खरं सांगायचं तर मी सुट्टी मागितलीच नाही. का ते पुढे लिहितो.

त्याआधी काकूंचा फोन आला होता तो सांगतो, म्हणजे त्यांनी तुम्हाला काय सांगितलं आणि मला काय, ते जुळतंय का बघा.

काकू म्हणाल्या, ‘‘तुझं पत्र वाचलं त्यांना.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘मुळा चिरत होते. म्हणाले, फोटोत बर्फ मावत असेल तर इथला घेऊन जा म्हणावं, दोन गाड्या भरून.’’

‘‘आणखी?’’

‘‘आणखी काय? मुळा चिरला. आणि मेल्या, ती सत्तरीची ओळ मी मोठ्याने वाचली. मला अजून दोघं जण छपरावरून पाडता येतील, समजलास?’’

बरं. आता का ते.

परवा गाडीत सर माझ्या फोनमधले फोटो बघत होते. त्यात आपला एक निघाला, मी निघालो त्याच्या आदल्या हिवाळ्यातला. रस्त्याच्या वळणावरून काढलेला. आपलं घर, शेजारी काकूंचं, मागे देवदार. दोन्ही छपरांवर माणूसभर बर्फ, कडेने खाली वाकलेला. दोन म्हातारे कान झाकून टोप्या घालून बसलेत आणि एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलंय, असं ते दिसतं. सरांनी गाडी थांबवायला लावली. मग म्हणाले, ‘‘गाकु, हे कुठे आहे? अशी घरं आता राहिली नाहीत. राहिली तिथे छपरं उघडी असतात.’’

उघडी असणारच. दर बर्फाला उतरवावं लागतं. मी सांगितलं तसं. ते म्हणाले, ‘‘एकदा थांबतील का? एकदाच?’’

बाबा, सर जानेवारीच्या शेवटी कामिसावाला यायचं म्हणतात. मलाही त्या संध्याकाळी कॅमेरा देणार आहेत. सापोरोला त्यांचं प्रदर्शन आहे, त्यात एक चौकट माझी, खाली माझं नाव. तिकाटी वाहणाऱ्याचं नाही, गाकुचं. आजवर माझं नाव कशाखाली लागलंय? शाळेच्या हजेरीत, तेही लाल शाईत.

म्हणून मागतोय. तोवर छपरं उतरवू नका. तुमचंही आणि काकूंचंही. काकू, तुम्हालाही विचारतोय, नुसतं वाचू नका.

वेडेपणा करा म्हणत नाही. आपल्याकडे छपराकडे कोण बघतं, आतलं दार बघतात. तुम्हीच शिकवलंत, तुळईवर भार आला की देवघराचं दार अडतं, आणि दार अडलं की शिडी लावायची. तेवढंच करा. दार अडलं तर एक दिवस थांबू नका, फोटो गेला खड्ड्यात. दार सरकतंय तोवर थांबा. मी येईन, फोटो झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चढेन.

मोचीचा चिकट भातगोळा गरम खा, घशात अडकतो, बारीक तुकडे करा. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात म्हातारं माणूस त्याने जातं.

तुमचा,
गाकु

होक्काइदो, १७ जानेवारी

बाबा,

काकूंचा फोन आला तेव्हा मी रानात होतो, मिशांवर बर्फ, फोनवर बोट चालेना. हातमोजा दाताने काढला.

‘‘ऐक,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तुझं पत्र वाचल्यावर तुझा बाप काय म्हणाला माहिताय? म्हणाला, बर्फ म्हणजे काय नवरीचे केस आहेत, फोटोवाला येईपर्यंत मोकळे सोडायला?’’

मी म्हटलं, झालं, नाही म्हणाले.

‘‘गाढवा, पुढचं ऐक. मग उठले, बाहेर गेले. मला वाटलं रागाने गेले. खिडकीतून बघते तर भिंतीला लावलेली शिडी काढली आणि नेऊन शेडमध्ये आडवी टाकली. काय समजलास?’’

मला समजलं, बाबा. तुम्ही बोलला असतात तर इतकं समजलं नसतं. मी तिथेच बर्फात बसलो. सर म्हणाले, ‘‘काय झालं, घरी कोणी गेलं का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही सर. उलट.’’

काकूंना विचारलं, दारं? म्हणाल्या, ‘‘लोण्यासारखी सरकतात. माझं तर आधी कुरकुरायचं, आता तेही नाही.’’ म्हणजे बर्फ हलका पडतोय यंदा. इथे रेडिओवर उलटंच सांगतात, की होन्शूच्या पश्चिम किनाऱ्याला दर दोन दिवसांनी वादळ. पण रेडिओवाल्याने काय आपलं देवघराचं दार सरकवून बघितलंय?

आता मी काय करतो ते सांगतो. सरांनी मला जुना कॅमेरा दिलाय, कोपरा फुटलेला. पहाटे गाडी तापेपर्यंत मी एकटा काढतो. पहिले सगळे वाईट. एकात माझाच श्वास भिंगावर जमला, सगळं दुधाळ. एकदा थंडीतून तसाच गरम खोलीत आणला तर आतून घामेजला. पिशवीत घट्ट बंद करून आणायचा असतो, ते आता जन्मभर विसरणार नाही. पण काल एक बरा आला. सरांनी बघितला आणि म्हणाले, ‘‘यात तू घाई केली नाहीस.’’ घाई केली नाही असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. तुम्ही तर नाहीच.

काकू, फोटोच्या दिवशी खिडकीत दिवा ठेवायचाय तुम्हाला. साधा पिवळा. ट्यूब नको.

तुमचा,
गाकु

होक्काइदो, २ फेब्रुवारी

बाबा,

आम्ही निघालो नाही. सरांना इथे नदीकाठची झाडं हवी आहेत, धुकं गोठून फांद्यांवर फुलोरा येतो तो. दोन दिवस आला नाही, म्हणून थांबलेत. म्हणतात, कामिसावा कुठे पळून जातंय, आणखी आठवडाभर.

मी म्हणू शकलो असतो की सर, छप्पर थांबत नाही. तोंड उघडलंही. आणि म्हणालो काय, तर बॅटऱ्या भरल्यात. त्यांनी चिडून ती चौकट देणार नाही म्हटलं तर, असं वाटलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी. हो, एवढ्याशासाठी.

काकूंना काल दोनदा फोन केला. म्हणाल्या, ‘‘दारं सरकतायत रे बाबा. रोज काय दारांची नाडी बघू? तू ये आणि तूच बघ.’’ आवाज बसलेला वाटला. विचारलं तर म्हणाल्या, सर्दी. आणि म्हणाल्या, तुझ्या बापाला विचारते फोनवर येता का तर नाही म्हणून मान हलवतात, पण मी बोलत असते तोवर इथेच बसून असतात, चहा गार होईपर्यंत.

बसता ना? बसत जा.

शनिवारी निघतोय, आता नक्की. आणखी थोडंच.

गाकु

कामिसावा, २७ फेब्रुवारी

बाबा,

हे वाचून दाखवायला आता कोणी नाही. तुम्ही तीस पावलांवर आहात आणि मी खालच्या सभागृहात सतरंजीवर बसून तुम्हाला पत्र लिहितोय, कारण समोर आलो की तुम्ही आत जाता. तुम्हाला माहीत असलेलंच लिहितोय. पण माझ्या बाजूने तुम्ही ते ऐकलेलं नाही.

आम्ही आलो त्या दिवशी दुपारीच वळणावर गाडी थांबवली. मी आधी सरांचा चेहरा बघितला, मग घरं. बाबा, मी तिथेच वाढलो, पण एवढा बर्फ त्या छपरांवर मी कधी पाहिला नव्हता. सरांना रडू आलेलं. मी मात्र तिकाटी टाकून आधी वर धावत आलो. तुम्ही दारात होतात. ‘‘आलास,’’ म्हणालात. दोन वर्षांनी एक शब्द. मी बूट काढले न काढले, सरळ देवघराच्या दाराशी. एका बोटाने ढकललं. सरकलं. शेवटपर्यंत, आवाज न करता. तुम्ही मागे उभे होतात.

मग काकूंकडे. त्यांनी ओठांना लाली लावली होती.

‘‘दार बघतोस? बघ, बघ,’’ म्हणाल्या. ‘‘म्हातारी अजून ढळली नाही, तिचं घर कसं ढळेल?’’

त्यांचंही सरकलं. माझ्या जिवात जीव आला. बाहेरचा कोणी असता तर त्याने छपराकडे बघितलं असतं आणि सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढलं असतं. मी कामिसावाचा. मी दार बघितलं.

काकूंना सांगितलं, सर माणसांचे फोटो काढत नाहीत, तुम्ही आतच थांबा, फक्त दिवा लावा. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी नको, माझा दिवा हवा! बरं बाई. लाली फुकट गेली.’’ आणि हसल्या. लाली पुसली नाही.

सूर्य गेल्यावर थोडा वेळ सगळा बर्फ निळा होतो. तेवढ्यात दोन पिवळ्या खिडक्या लागल्या. सरांनी काढले, मग मला कॅमेरा दिला. मी घाई केली नाही. फोटो घेताना कानात एक आवाज येत होता, वळचणीचं पाणी ठिबकत होतं. वारा दक्षिणेकडून यायला लागला होता. मला ऐकू आलं होतं, बाबा. पण कॅमेरा डोळ्याला लावलेला होता.

नंतर तुम्ही अंगणात आलात. म्हणालात, ‘‘वारा फिरलाय.’’

मी म्हटलं, ‘‘उजाडलं की चढतो.’’

‘‘राहतोस?’’

‘‘खाली मुक्कामाला सर आणि त्यांचा गट थांबलाय.’’

‘‘बरं.’’

हे एवढंच आपलं बोलणं. मी ते उलटसुलट करून रोज बघतो, त्यात दुसरं काही बसतं का म्हणून.

पहाटेपासून पाऊस, छपरांवरचा बर्फ पाणी पिऊन जड होत गेलेला. उजाडताना खाली मुक्कामाच्या जागी आम्ही उठलो तो आवाजाने. ट्रकने खडी ओतावी तसा. मी अनवाणी पळालो. वर पोचलो तर काकूंचं घर खाली बसलेलं आणि तुम्ही हातांनी उपसत होतात, खोरंही घेतलं नव्हतं. गावातले सगळे आले. सरही उपसत होते, त्यांच्या नखांतून रक्त आलं. काकू चुलीपाशी सापडल्या. भात लावला होता, त्यांच्या एकटीला लागतो त्याहून कितीतरी जास्त.

पोलीस म्हणाला, छप्पर का उतरवलं नव्हतं? तुम्ही म्हणालात, ‘‘म्हातारा झालो. विसरलो.’’

सेंदाईहून काकूंची सुमिएताई आली आणि सगळ्यांसमोर तुमच्यावर तुटून पडली. ‘‘तुमच्या भरवशावर आईला इथे ठेवली होती मी! तुम्ही विसरलात? छप्पर विसरलात?’’ तुम्ही जमिनीला कपाळ लावलंत. मी खोरं हातात धरून तिथेच उभा होतो. सर पुढे होऊन काही बोलायला लागले तर तुम्हीच त्यांना म्हणालात, ‘‘पाहुणे आहात, चहा घ्या.’’

सर नंतर मला म्हणाले, ‘‘तू म्हणशील ते करू. लावू नको म्हणालास तर तो फोटो कोणी बघणार नाही.’’ मी म्हटलं, लावा नाहीतर जाळा. माझा मी पुन्हा उघडून बघितलेला नाही. त्या पिवळ्या खिडकीमागे त्या उभ्या आहेत, लाली लावून.

तेरावा दिवस असेल, नसेल. काकूंच्या घराचं लाकूड वेगळं करत होतो. देवघराचं दार निघालं. अख्खं. वरची कड पांढरीशुभ्र, ताजं लाकूड, देवदाराचा वास. बाकी सगळं दार धुराने काळं आणि ती एक कड काल कापल्यासारखी. मी आपल्या शेडमध्ये गेलो. शिडीच्या मागे लाकडाच्या सालपटांचा ढीग आणि त्यावर तुमचा रंधा. मग घरात येऊन आपलं दार उचलून काढलं. त्याचीही कड तशीच.

तुम्ही मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर दगड ठेवत होतात. मी विचारलं, ‘‘कधी?’’

‘‘नववर्षानंतर. आधी तिचं अडलं, मग आपलं.’’

‘‘मी लिहिलं होतं, अडलं तर चढा.’’

‘‘सरकतंय तोवर थांबा, असंही लिहिलं होतंस.’’

‘‘बाबा!’’

‘‘एक काम तरी तुझं पुरं होऊ दे म्हटलं.’’ आणि मग म्हणालात, ‘‘तुळई धरेल असं वाटलं. आपली धरली. तिची आतून खाल्लेली होती. मला दिसलं नाही.’’

काकूंना माहीत होतं का, विचारलं. म्हणालात, ‘‘तिला सांगितलं, दार कुरकुरतं ते नीट करून देतो. तिने मला पर्सिमॉनची फळं दिली त्याबद्दल.’’

मग तुम्ही दगड नीट बसवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात की हे इथेच राहील. ‘‘दोष घ्यायला दोघं कशाला, एक पुरे. मला किती दिवस काढायचेत? बाहेर बोललास तर तू माझा कोणी नाहीस.’’

आता मी काय केलं ते. तुम्हाला ते दुसऱ्यांकडून कळलं, माझ्याकडून कळायला हवं होतं.

मला वाटलं, सुमिएताईला सांगितलं की ओझं तुमच्या पाठीवरून उतरून माझ्या पाठीवर येईल. मी तिच्याकडे गेलो. ती आईचे कपडे घड्या करून खोक्यात भरत होती. मी म्हटलं, ‘‘ताई, बाबा विसरले नव्हते. मी सांगितलं होतं. फोटोसाठी.’’

तिने घडी घालायचं थांबवलं नाही. ‘‘माहिताय मला.’’

‘‘काय?’’

‘‘आईने सांगितलं होतं फोनवर. गाकुचा फोटो आहे म्हणून छप्पर ठेवलंय. पोराचं एकदा काहीतरी बरं होऊ दे, म्हणाली. मी म्हटलं, ठेव. मीपण हो म्हटलं, गाकु.’’

‘‘मग बाबांवर का ओरडलीस?’’

‘‘मग कोणावर ओरडू? आरशावर?’’

इथे मी उठायला हवं होतं. ती रडत होती, मीही रडत होतो, आणि मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं, सगळे सारखेच आहोत. म्हणालो, ‘‘चूक बाबांची नाहीच गं, त्यांनी दारांना रंधा मारला तोही माझ्यासाठीच.’’

तिचे हात थांबले.

‘‘रंधा?’’ म्हणाली.

मला त्या एका शब्दाने कळलं की मी काय केलं. तोंडातून गेलेलं परत ओढता आलं असतं तर दाताने ओढलं असतं.

‘‘आईच्या दाराला?’’ ती म्हणाली. ‘‘मी तिला रोज विचारत होते. आई, दार सरकतं का? ती म्हणायची, लोण्यासारखं.’’ मग ती उठली आणि बूट न घालता सरपंचांकडे गेली.

छप्पर ठेवणं सगळ्यांना समजत होतं. कोणी ना कोणी, कधी ना कधी एक दिवस उशीर करतंच. पण दुसऱ्याच्या दाराला रंधा मारणं इथे कोणी ऐकलेलं नाही. तुमच्याकडे आता कोणी येत नाही. दुकानवाली तुमचं सामान पायरीवर ठेवून जाते. परवा पुन्हा बर्फ पडला आणि तुम्ही एकटे छपरावर चढलात, खाली कोणी नाही. मी येऊन उभा राहिलो तर तुम्ही पलीकडच्या उतारावर गेलात. मीही फिरून पलीकडे आलो. तुम्ही खोरं टाकलंत आणि उतरून आत गेलात. छप्पर अर्धंच राहिलं. म्हणून मी पुन्हा आलो नाही. लांबून, या खिडकीतून बघत राहिलो, जणू त्याने काही होणार होतं.

आज दुपारी तालुक्याचा माणूस आला, सरपंच त्याला घेऊन आले. मी रस्त्यावरचा बर्फ बाजूला करत होतो. तो तुम्हाला म्हणाला, घर धोक्याचं आहे, बर्फ वितळेपर्यंत तरी इथे एकट्याने राहता येणार नाही, नातेवाइकांकडे जावं लागेल. ‘‘घरचं कोण आहे?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘कोणी नाही.’’

त्याने माझ्याकडे बोट केलं. ‘‘आणि हा?’’

सरपंच खाली बघायला लागले. मी खोरं खाली ठेवलं. मला वाटलं, तुम्ही ओळख देणार नाही, पण निदान गप्प राहाल.

तुम्ही डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलंत, इतका वेळ, की मला वाटलं तुम्हाला मी दिसतोय. मग त्या माणसाला म्हणालात, ‘‘फोटोवाल्यांपैकी आहे. त्यांचा फोटो झालाय. जाईल आता.’’

तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी पाय रोवून तिथेच उभा राहिलो. तुम्ही तिघंही आत गेलात. अंधार पडेपर्यंत उभा होतो. मग पाय बधिर झाले आणि मी इथे आलो, आणि आल्याआल्या पहिलं काय केलं, तर भिंतीवरचं बसचं वेळापत्रक वाचलं.

सकाळची आहे.